उजव्या बाजूने गाडी चालवताना : परदेशी निघालेल्या मुंबईकरांसाठी

मागच्या महिन्यात भाचा न्यू जर्सीला जायच्या आधी पार्ल्याला भेटायला आला. ताट उचलता उचलता म्हणाला, "मावशी, तिथे सगळं उलट्या बाजूने. तुला सवय व्हायला किती दिवस लागले गं?"

"चौथ्या दिवशी वाटलं, जमलं," मी म्हटलं. "पाचव्या दिवशी राँग साइडला गेले."

तो हसला. वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर सात वर्षं रोज गाडी काढणारा मुलगा, बेस्टची बस आणि रिक्षा यांच्या मधून हातभर जागेतून गाडी काढतो. त्याला वाटणारच की तिथल्या शिस्तीच्या रस्त्यावर काय अवघड आहे. अवघड काही नाहीच. पण मुंबईत आपण बाजू लक्षात ठेवून गाडी चालवत नाही, पुढच्याच्या मागे चालवतो. पुढे कायम कोणीतरी असतंच. तिकडे सकाळी सातला रस्ता रिकामा असतो, मागे जायला कोणी नसतं, आणि हात जुन्या वळणावर जातो. मी तीन वर्षं जर्मनीत गाडी चालवली, नंतर मुलीकडे अमेरिकेत गेल्यावर. त्या रविवारी भाच्याला जे सांगितलं तेच इथे लिहिते.

आधी देश बघा

ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिंगापूर, जपान, थायलंड, मॉरिशस, दक्षिण आफ्रिका, श्रीलंका, नेपाळ इथे आपल्यासारखंच डावीकडून चालवतात. तिथे जाणार असाल तर हा लेख निम्मा सोडून द्या. अमेरिका, कॅनडा, आखातातले दुबई-मस्कत-दोहा, आणि ब्रिटन-आयर्लंडसारखे अपवाद सोडून जवळजवळ सगळा युरोप उजवीकडून.

यात शास्त्र वगैरे नाही, नुसती रूढी आहे. स्वीडनने ३ सप्टेंबर १९६७ रोजी पहाटे अख्ख्या देशाची बाजू डावीकडून उजवीकडे बदलली. सामोआने ७ सप्टेंबर २००९ ला बरोबर उलटं केलं, कारण ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि जपानमधून जुन्या गाड्या स्वस्तात आणता याव्यात. आपल्या जवळचं उदाहरण हवं असेल तर पोर्तुगालने १९२८ मध्ये बाजू बदलली, पण गोवा डावीकडेच राहिला.

लायसनचं काम मुंबईतच उरका

आंतरराष्ट्रीय परवाना, म्हणजे आयडीपी, निघायच्या आधी काढा. तुमच्या पत्त्याप्रमाणे ताडदेव, अंधेरी, वडाळा किंवा बोरिवली यांपैकी जे आरटीओ लागतं तिथला अर्ज परिवहन खात्याच्या सारथी पोर्टलवर भरता येतो. परवाना जास्तीत जास्त एक वर्षाचा मिळतो, आणि मूळ लायसन त्याआधी संपत असेल तर तेवढ्याच मुदतीचा. म्हणून आधी मूळ लायसनची तारीख बघा. हा परवाना म्हणजे एक प्रकारे तुमच्या लायसनचं भाषांतरच, त्यामुळे एकट्याने त्याचा उपयोग नाही. दोन्ही जवळ ठेवायची.

फिरायला जाणं वेगळं आणि राहायला जाणं वेगळं. जर्मनीत राहायला गेलात की आपलं लायसन सहा महिने चालतं, पुढे तिथली परीक्षा द्यावीच लागते. दुबईत रहिवासी व्हिसा लागला की तिथलंच लायसन हवं. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम निराळा. "माझा मित्र वर्षभर तसाच चालवतोय" असं सांगणारे प्रत्येक ऑफिसात भेटतील. अपघात झाला की विमा कंपनी मित्राला विचारायला जात नाही.

जेवणाच्या टेबलावरची शिकवणी

हा भाग सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा सविस्तर.

त्या दिवशी मी टेबलावर जुना पेपर पसरला, जाड स्केचपेनने एक चौक काढला, प्रत्येक रस्त्याला मधोमध रेघ मारली आणि भाच्याच्या हातात काडेपेटी दिली. काडेपेटीवर पुढच्या डाव्या कोपऱ्यात एक ठिपका काढला. तो ठिपका म्हणजे तू. आता चालव.

सरळ जाणं जमलं. उजवं वळण जमलं. डाव्या वळणाला त्याने काडेपेटी झपकन कोपऱ्याला चिकटवून वळवली, आपल्या फ्री लेफ्टसारखी. सराफाच्या एका जाहिरातीवर येऊन ती थांबली. "आता समोरून ट्रक येतोय," मी म्हटलं. त्याने पेटी उचलली, परत ठेवली, परत वळवली, परत तिथेच.

मग त्याला सांगितलं, डावं-उजवं विसर. ते पाठ केलंस की ऐन वेळी दोन सेकंद विचार करण्यात जातील. एकच ओळ लक्षात ठेव: दुभाजक माझ्याकडे, फुटपाथ शेजारच्याकडे. हे मुंबईतही खरं आहे. इथे तुम्ही उजव्या सीटवर, दुभाजक तुमच्या उजव्या हाताला, आणि शेजारी बसलेल्याच्या बाजूला फुटपाथ. तिथे तुम्ही डाव्या सीटवर, दुभाजक तुमच्या डाव्या हाताला, फुटपाथ पुन्हा शेजारच्याच्याच बाजूला. बदलतं ते बाकी सगळं, हे नातं बदलत नाही. दुभाजक नसेल तर मधली रेघ, रेघही नसेल तर रस्त्याचा मध्य मनात धरायचा.

ही ओळ लागू केली की वळणं आपोआप सुटतात. उजवं वळण आता छोटं, फुटपाथला धरून. डावं वळण लांब: चौकात पुढे जायचं, समोरून येणाऱ्यांना जाऊ द्यायचं, आणि मग असं वळायचं की नव्या रस्त्याचा मध्य पुन्हा आपल्या खांद्याशी येईल. भाच्याने वीसेक वेळा काडेपेटी फिरवली. शेवटी बहिणीने पेपर ओढून घेतला, तिला त्यावर मेथी निवडायची होती.

एक अट मात्र आहे. ही ओळ चालते ती तिथली, डाव्या स्टिअरिंगची गाडी असेल तेव्हाच. लंडनहून उजव्या स्टिअरिंगची गाडी घेऊन फ्रान्समध्ये उतरलात तर तुम्ही फुटपाथच्या बाजूला बसलेले असता आणि सगळंच फिरतं. नवख्याने तो उद्योग करू नये.

आणखी एक गोष्ट मुंबईतच करता येते. कोणी दुसरं गाडी चालवत असेल तेव्हा पुढच्या डाव्या सीटवर बसा आणि मोबाईल खिशात ठेवा. डाव्या बाजूची पांढरी पट्टी काचेतून कुठे दिसते, बोनेटच्या कोणत्या भागाखाली जाते, हे बघून ठेवा. तिकडे मधली रेघ तुम्हाला अगदी तशीच दिसणार आहे. पार्ला ते बोरिवली एवढा एक प्रवास पुरतो.

गाडीत बसल्यावर

पहिल्यांदा चुकीचं दार उघडाल. सगळेच उघडतात, लाजू नका. पट्टा घ्यायला हात उजव्या खांद्याकडे जाईल, तो डावीकडे आहे. आरसा बघायला नजर वर डावीकडे जाईल, तिथे खिडकीची चौकट दिसेल. आरसा आता उजवीकडे.

पायाखाली काही बदलत नाही: क्लच, ब्रेक, ॲक्सिलरेटर त्याच क्रमाने. गिअरचा नकाशाही तोच, पहिला वर डावीकडे. पण मुंबईत पहिला गिअर टाकताना हात अंगापासून लांब जातो, तिथे उजव्या हाताने अंगाकडे ओढावा लागतो. हा फरक ऐकायला बारीक आहे, पण चढावर सिग्नल सुटल्यावर पहिल्याऐवजी तिसरा पडतो आणि मागचे सगळे तुमच्याकडे बघत बसतात. युरोपात गाडी भाड्याने घेताना ऑटोमॅटिक मागून घ्या, चार पैसे जास्त गेले तरी. तिथे न सांगता गिअरची गाडी हातात येऊ शकते.

इंडिकेटर. मारुती, ह्युंदाई, टाटा यांत तो स्टिअरिंगच्या उजवीकडे असतो, तिकडे डावीकडे. कोरड्या ठणठणीत उन्हात चौकात वायपर फिरवणारी गाडी दिसली तर आत आपल्याकडचा माणूस आहे असं खुशाल समजा. मी पहिले पंधरा दिवस प्रत्येक वळणावर काच पुसली. यात धोका वायपरचा नाही, इंडिकेटर न देता वळल्याचा आहे, म्हणून वळायच्या बरंच आधी दांडी शोधा.

आता खरी अडचण. मुंबईत तुमचं शरीर लेनच्या उजव्या अर्ध्यात असतं आणि गाडीचा बाकीचा संसार डावीकडे. तिकडे डोळा तीच जागा शोधतो, पण संसार उजवीकडे गेलेला असतो. त्यामुळे गाडी नकळत उजवीकडे सरकते, चाक फुटपाथच्या दगडाला घासतं, उभ्या गाड्यांचे आरसे धोक्यात येतात. शेजारी बसलेला माणूस श्वास रोखून दार घट्ट धरून बसला असेल तर समजा गाडी उजवीकडे गेली आहे. उपाय असा की मधली रेघ तुम्हाला बरी वाटेल त्यापेक्षा जवळ येऊ द्या, मधूनमधून डाव्या आरशात चाक आणि रेघ यांतलं अंतर बघा, आणि नजर बोनेटवर न ठेवता लांब ठेवा.

पहिला आठवडा

विमानातून उतरल्या दिवशी गाडीला हात लावू नका. मुंबईहून पंधरा-सोळा तास उडून गेलेल्या माणसाला आपली डावी चप्पल कोणती हेही कळत नाही.

मग एखाद्या रविवारी सकाळी मॉलच्या मोकळ्या पार्किंगमध्ये अर्धा तास: पुढे, मागे, दोन रेघांच्या मध्ये गाडी लावणं. मागे घेताना आता मान उजव्या खांद्यावरून वळवायची. त्यानंतर घराभोवती फक्त उजवी वळणं. उजवीकडे, उजवीकडे, उजवीकडे, उजवीकडे, की परत दारात. समोरची रहदारी एकदाही ओलांडावी लागत नाही. कंटाळा येईपर्यंत हे करा. डावी वळणं तिसऱ्या-चौथ्या दिवशी, तीही सिग्नल असलेल्या चौकात, शेजारी तिथलं चालवणारं कोणीतरी बसवून. त्या माणसाला आधीच सांगून ठेवा: तोंडाने "लेफ्ट" म्हणू नकोस, हाताने दाखव. गडबडीत आपल्या डोक्यातलं डावं आणि तोंडातलं लेफ्ट यांची गाठ पडतेच असं नाही. रात्रीचं चालवणं आणि पाऊस दुसऱ्या आठवड्यावर टाका.

सर्कलचं थोडक्यात. माटुंग्याच्या किंग्ज सर्कलला आपण घड्याळाच्या काट्यांसारखे फिरतो, तिकडे काट्यांच्या उलट. आत शिरताना डावीकडे बघायचं, आत फिरणाऱ्याचा हक्क पहिला, आणि उजवीकडे वळून आत जायचं. आपल्याकडे हक्क ज्याचं बंपर पुढे त्याचा. तो हिशेब विमानतळावर सोडून जा.

मोठ्या रस्त्यावर ओव्हरटेकची लेन डावीकडची, शांतपणे जाणाऱ्यांची उजवीकडची. जर्मन ऑटोबानवर शिफारस ताशी १३० किलोमीटरची आहे, आणि बऱ्याच भागांवर वेगाची मर्यादाच नाही. डाव्या लेनमध्ये जायच्या आधी आरशात जो ठिपका दिसतो तो तुम्ही इंडिकेटर देईपर्यंत मागे येऊन चिकटलेला असतो. शिवाय तिथे उजवीकडून ओव्हरटेक करायला मनाई आहे. मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर जिकडून फट दिसेल तिकडून जाणाऱ्याला हे सगळ्यात जड जातं.

चूक कुठे होते

गर्दीत होत नाही. माझी कशी झाली ते सांगते. जर्मनीतलं लहानसं गाव, रविवार, सकाळचे सात. रविवारी तिथे दुकानं बंद असतात, म्हणून आम्ही पेट्रोल पंपावरून पाव घेतला. पंपातून बाहेर पडून डावीकडे जायचं होतं. दोन्ही बाजूला बघितलं, चिटपाखरू नाही. डावीकडे छोटं वळण घेतलं आणि मस्त निघाले. शेजारी नवरा गरम पाव तोडून खात होता. त्यालाही काही वाटलं नाही, कारण तोही मुंबईचाच. शे-दीडशे मीटर गेल्यावर समोरून दिवे लुकलुकले. समोरच्याने हॉर्न मारला नाही, गाडी जागच्या जागी थांबवली, खिडकीतून हात बाहेर काढला आणि तळव्याने हळूच दाखवलं: तिकडे. शाळेत बाई चुकलेल्या ओळीवर बोट ठेवतात तसं. त्या पावाची चव मला आठवत नाही.

पेट्रोल पंप, पार्किंग, एखाद्याच्या घराचा गेट, वन वे संपतो ती जागा, यू टर्न, रस्त्याकडेला फोटो काढायला थांबून परत निघणं. जिथे गाडी थांबते आणि परत सुरू होते, आणि समोर कोणी नसतं, त्या सगळ्या जागा या यादीत येतात. तिथून निघताना मोठ्याने विचारायचं, "दुभाजक कुठे?" मनातल्या मनात नाही, मोठ्याने. गाडीतल्या सगळ्यांनी उत्तर द्यायचं. मुलं हे काम फार निष्ठेने करतात.

अमेरिकेत एक सोय आहे. समोरासमोरची रहदारी वेगळी करणारी रेघ तिथे पिवळी असते आणि ती कायम तुमच्या डाव्या हाताला हवी. कडेची पांढरी रेघ उजव्या हाताला. पिवळी रेघ उजवीकडे दिसली की तुम्ही चुकलात, विचार करत बसू नका, वेग कमी करा आणि सुरक्षित जागा बघून बाहेर पडा. युरोपात बहुतेक ठिकाणी दोन्हीकडे पांढरंच, तिथे ही मदत नाही.

अचानक काही समोर आलं तर मुंबईचा हात गाडी डावीकडे ओढतो, म्हणजे तिकडे थेट समोरच्या रहदारीत. म्हणून तिथे गोंधळ झाला की एकच हालचाल: ब्रेक, आणि आपल्या लेनमध्ये सरळ.

न्यू जर्सीपुरतं

आपली माणसं तिथे फार, म्हणून हे वेगळं. लाल सिग्नलला पूर्ण थांबून, रस्ता मोकळा असेल तर उजवीकडे वळता येतं, तशी मनाई करणारी पाटी नसेल तर. पण नदी ओलांडून न्यूयॉर्क शहरात शिरलात की ही मुभा संपते, तिथे पाटीवर परवानगी असेल तरच. जर्सीत कित्येक मोठ्या रस्त्यांवर डावीकडे जायला आधी उजवीकडच्या फाट्यावर उतरावं लागतं. या फाट्यांना तिथे जगहँडल म्हणतात. डावी लेन धरून बसलात तर चौक हातचा जातो. जाऊ द्या, पुढून फिरून या. मुंबईत चुकलेला फ्लायओव्हर रिव्हर्स मारून गाठणारे मी पाहिले आहेत, तिथे तसलं काही करू नका.

पिवळी स्कूल बस लाल दिवे लुकलुकवत उभी असेल तर किमान २५ फूट अलीकडे थांबायचं, आणि मध्ये दुभाजक नसेल तर समोरून येणाऱ्यांनीही. हे तिथे कोणी हसण्यावारी नेत नाही. स्टॉपच्या पाटीला चाक पूर्ण थांबलं पाहिजे, हाफ क्लचवर सरपटणं म्हणजे थांबणं नव्हे. चारही बाजूंना स्टॉप असेल तर जो आधी आला तो आधी जातो. पाट्या मैलांत: ६५ म्हणजे ताशी साधारण १०५ किलोमीटर, वस्तीतले २५ म्हणजे ४०. आणि पेट्रोल स्वतः भरायला उतरू नका, त्या राज्यात ते कायद्यानेच कर्मचारी भरतो. तेवढं आपल्यासारखं.

जर्मनीला जाणाऱ्यांसाठी एकच: पाटी नसलेल्या गल्लीच्या तोंडाशी उजवीकडून येणाऱ्याचा हक्क पहिला, मग ती गल्ली कितीही बारकी असो आणि तुम्ही कितीही मोठ्या रुबाबात असा.

चालतानाही

गाडी न चालवणाऱ्या आईवडिलांना हे नक्की सांगा. शाळेत शिकवलेलं "आधी उजवीकडे, मग डावीकडे, मग पुन्हा उजवीकडे" तिथे उलटं आहे. जवळची गाडी डावीकडून येते. आपण उजवीकडे बघतो, रस्ता रिकामा दिसतो, आणि पाऊल टाकतो. लंडनमध्ये उजवीकडे बघा असं रस्त्यावरच रंगवून ठेवलंय, ते याच्याच उलट घोळापायी, युरोपातून येणाऱ्यांसाठी. आपण सोपा उपाय करायचा: दोन्हीकडे दोनदा बघायचं.

परत आल्यावर

याबद्दल मला कोणी सांगितलं नव्हतं. तिकडे वर्ष काढून परतलेला माणूस इथे पहिले दोन दिवस तितकाच नवखा असतो, फक्त त्याला ते माहीत नसतं. पहिल्या दिवशी रिक्षा करा. मी केली नाही. आल्याच्या दुसऱ्या सकाळी भाजी आणायला खाली उतरले, गाडीचं दार उघडून बसले, पट्टा लावला, किल्ली हातात घेतली आणि समोर बघते तर स्टिअरिंगच नाही. वॉचमन थोडा वेळ बघत उभा राहिला. मग काचेशी येऊन अदबीने म्हणाला, "मॅडम, ड्रायव्हर आ रहा है क्या?"